२५ हजारांत आरसी रेसिंग: गाडी सर्वात शेवटी घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडला राहणाऱ्या एकाने मित्राची रिमोटची, म्हणजे आरसी, गाडी दोन रविवार चालवली आणि आता त्याला स्वतः रेसिंग करायचं आहे. हाताशी २५ हजार रुपये. डोळ्यासमोर दोन पर्याय: खोक्यावर ‘ताशी १०० किमी’ छापलेली ब्रशलेस गाडी, जी जवळजवळ सगळे पैसे खाईल, किंवा ओळखीच्या एकाकडे पडून असलेली १/८ मापाची (खऱ्या गाडीच्या आठव्या भागाएवढी), इंधनावर चालणारी नायट्रो बग्गी, १५ हजारांत. कुठली घेऊ?

माझ्या मते दोन्ही नकोत. मी पंधरा-सोळा वर्षं पुण्यात आरसी गाड्या पळवतोय, सुरुवातीची तीन वर्षं याच दोन चुका ओळीने केल्या आहेत, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो. ‘कुठली गाडी’ हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते हे की गाडी कुठे चालवणार आणि कुणाबरोबर. रेसिंग म्हणजे एकाच प्रकारच्या चार-सहा गाड्या एकाच जागेवर धावणं. तुमच्याकडे एक नंबर गाडी असेल आणि तिच्या वर्गातली दुसरी गाडी पन्नास किलोमीटरच्या परिसरात नसेल, तर तुम्ही रेसिंग करत नाही, नुसती गाडी फिरवता. त्यातही मजा आहे, पण ती दोन महिन्यांत संपते. मग गाडी माळ्यावर जाते आणि वर्षभराने ‘क्वचित वापरलेली, अर्जंट विक्री’ म्हणून ग्रुपवर येते. त्या ओळखीच्याची नायट्रो बग्गी बहुधा याच वाटेने तिथे पोचली असणार.

आधी वेगाचं बघू, कारण सगळे तिथेच अडकतात. तुम्हाला आम्हाला मिळणारी जागा म्हणजे कंपनीचं सुट्टीच्या दिवशीचं पार्किंग, नाहीतर एखाद्या शाळेचं मैदान. त्यात सरळ पट्टा मिळतो २५ मीटर, फार तर ३०. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. म्हणजे पूर्ण वेगात ती गाडी तुमचा सगळा पट्टा साधारण एका सेकंदात संपवेल आणि समोर कर्बस्टोन असेल. शिवाय धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ६० च्या जागी १०० म्हणजे आपटण्याचा जोर पावणेतीनपट. दीड-दोन किलोची गाडी त्या वेगाने कुणाच्या नडगीवर आली तर हाड मोडतं, आणि नडगी नाही सापडली तर गाडीचा पुढचा सगळा भाग जातो. याउलट साध्या ५४० ब्रश्ड मोटरवर, जिला सगळे ‘सिल्व्हर कॅन’ म्हणतात, १/१० ची रोडवरची गाडी ताशी २०-२५ किमी जाते. कागदावर हा आकडा हास्यास्पद वाटतो. अशा पाच गाड्या एका वळणात एकदम शिरल्या की तो हास्यास्पद वाटत नाही.

नायट्रोचं वेगळं आहे. त्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज आणि एरंडेलाच्या जळक्या वासाचा धूर यावर जीव जडतो, माझाही जडला होता. पण त्याला लागतं मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाचं मिश्रण. ते पेट्रोलपंपावर मिळत नाही, कुरिअरवाला घ्यायला तयार नसतो आणि महाग असतं. ग्लो प्लग जातात. कार्ब्युरेटरची सुई जानेवारीच्या सकाळी लावलेली मार्चच्या दुपारी चालत नाही. एक तास गाडी चालवायला मी दोन तास इंजिन सुरू करत बसायचो. आणि सोसायटीच्या आवारात हा आवाज केलात तर दुसऱ्या रविवारी वॉचमन गेटवरच थांबवेल. तरीही ती बग्गी मनातून जात नसेल तर एवढं करा: प्लग लावलेला असताना इंजिन थंड असेल तेव्हा फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. पिस्टन अगदी वर आला की ते घट्ट अडकल्यासारखं वाटायला हवं. काही न अडता गुळगुळीत फिरलं तर पिस्टन आणि स्लीव्ह झिजलेत, म्हणजे १५ हजार चेसिसचे द्यायचे आणि इंजिनाचे वेगळे.

आता ‘हेच आपल्याकडे इतकं महाग का, बाहेर अर्ध्या किमतीत दिसतं’ ही तक्रार. कस्टमच्या लेखी आपली हॉबीची गाडी हेसुद्धा खेळणंच. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला, आणि अलीएक्सप्रेस तर नोव्हेंबर २०२० मध्येच बंद झालं होतं. त्यामुळे ‘परदेशी साइटवरून मागवतो, स्वस्त पडेल’ हा हिशेब पार्सल दारात येईपर्यंत धरूच नका. याचा खरा फटका गाडीला बसत नाही, सुट्या भागांना बसतो. दीडशे रुपयांच्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी सहा आठवडे गाडी शोकेसमध्ये. म्हणून कुठलीही गाडी घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: हिचे पुढचे सस्पेन्शन आर्म, सी-हब आणि स्पर गियर आज तुमच्या काउंटरवर आहेत का? ‘मागवून देऊ’ हे उत्तर आलं तर ते ‘नाही’ असं समजा.

मग घ्यायचं काय? इथे माझं उत्तर जागेवर अवलंबून आहे, आणि ती तुम्ही बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. जमीन गुळगुळीत डांबर किंवा काँक्रीट असेल आणि तिथे येणारे लोक टूरिंग, म्हणजे रोडवरच्या कारसारख्या, गाड्या चालवत असतील, तर टामिया या जपानी कंपनीची टीटी-०२, जी सुट्या भागांचं किट म्हणून येते आणि आपणच जोडायची असते. २०१३ पासून चालू असलेली चेसिस आहे, शाफ्टवर चालणारी फोर व्हील ड्राइव्ह, आत बेल्ट नाही, खडे आत गेले तरी सहसा काही होत नाही. जमीन पेव्हर ब्लॉकची असेल तर हिचा नाद सोडा. ती जमिनीपासून बोटभरही वर नसते, प्रत्येक फटीवर टकटक उडत जाते आणि महिनाभरात स्क्रू सैल. अशा ठिकाणी, किंवा मातीच्या मैदानावर, १/१४ ची डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ सारखी तयार बग्गी बरी. ब्रश्ड मोटर, धातूची चेसिस, खोक्यातून काढली की चालू. हिच्या वेगाचे आकडेही फुगवून सांगतात, ते सोडून द्या. आणि जिथे जाणार तिथे सगळे तिसरंच काही चालवत असतील, तर मी इथे लिहिलेलं विसरून तेच घ्या.

या दोघींत माझा कल किटकडे. तयार गाडी पहिल्या दिवशी आनंद देते. किट पहिले तीन-चार संध्याकाळ फक्त काम देतं: पिशव्या, नंबर टाकलेले स्क्रू, ग्रीसची ट्यूब. पण गाडी मोडणार हे नक्की, आणि मोडल्यावर जो माणूस ती स्वतः जोडलेला असतो तो पार्किंगमध्ये बसून वीस मिनिटांत उभी करतो. दुसरं, स्वस्त तयार गाड्यांत बऱ्याचदा रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) एकाच डब्यात असतात. एक गेलं की दोन्ही बदलायचे. ज्या गाडीचा प्रत्येक तुकडा वेगळा विकत मिळतो ती हॉबीची, बाकी सगळी खेळणी, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

किटबरोबर बेअरिंगच्या जागी साधे प्लास्टिकचे बुश येतात. ते जोडतानाच काढा. नंतर बदलायचे तर पूर्ण गाडी उघडावी लागते. माप ११ बाय ५, जाडी ४ मिलिमीटर. आरसीच्या दुकानात हे ‘११५०’ म्हणून चढ्या भावाने मिळतं. साध्या बेअरिंगच्या दुकानात ‘एमआर ११५ झेडझेड’ मागा, तीच वस्तू. मी माझी मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरून आणली होती. दुकानदाराने ‘कोणत्या मशीनला?’ विचारलं आणि उत्तर ऐकून मालकाला आतून बोलावून आणलं.

स्क्रू-ड्रायव्हरबद्दल एक अवांतर. टामियाचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स पान्याला बसल्यासारखे वाटतात, पण ते जपानी जेआयएस मापाचे असतात. फिलिप्स त्यात पूर्ण टेकत नाही, जोर लावला की उसळून बाहेर येतो आणि फुली खाऊन टाकतो. ज्यांनी आरएक्स १०० चा कार्ब्युरेटर घरी उघडायचा प्रयत्न केलाय त्यांना हा अनुभव असेल, तेच स्क्रू, तेच दुखणं. एक चांगला जेआयएस पाना आणि १.५, २ आणि २.५ चे हेक्स, एवढ्यावर दोन वर्षं निघतात. निळं थ्रेडलॉक फक्त धातू-धातूच्या जोडाला. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला लावलंत तर ते प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं.

पैशांची विभागणी मी अशी करीन. भाव सारखे हलतात, म्हणून रकमेपेक्षा प्रमाण धरा. गाडी, सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) आणि रेडिओ (हातातला रिमोट) मिळून १३ हजारांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, म्हणजे साधारण निम्मे. नवीन किट त्यात बसत नसेल तर ग्रुपमधल्या कुणाची वापरलेली टीटी-०२ घ्या. वरच्या वर्गात जाणारा माणूस आधीची गाडी सुट्या भागांच्या डब्यासकट देतो, त्या डब्याचीच किंमत खरी. दोन बॅटऱ्या आणि चार्जर यांना ५ हजार. सुटे भाग ३ हजार, आणि हे गाडीबरोबरच घ्यायचे, मोडल्यावर नाही. हत्यारं आणि बेअरिंग २ हजार. उरलेले २ हजार शिवायचे नाहीत. ते तिसऱ्या महिन्यात लागतील, कशाला ते आत्ता सांगता येणार नाही. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा, पिस्तुलासारखा धरायचा, फ्लायस्कायचा अगदी खालचासुद्धा चालेल. फक्त त्यात थ्रॉटलची कमाल मर्यादा कमी करता येते का, ज्याला ईपीए किंवा एंड पॉइंट म्हणतात, ते बघून घ्या. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

बॅटरीवर मात्र थांबायलाच हवं. आज बहुतेक जण लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो वापरतात. दोन सेलचा पॅक: नावाला ७.४ व्होल्ट, पूर्ण भरलेला ८.४. प्रत्येक सेल ४.२ च्या वर न्यायचा नाही आणि चालवताना ३.३ च्या आसपास थांबायचं. खाली गेला की सेल आतून खराब होतो. ईएससीमध्ये यासाठी कटऑफ, म्हणजे बॅटरी खाली गेली की गाडी थांबवण्याची सोय, असतो, पण तो चालू आहे का हे तुम्ही बघायचं. माझ्या पहिल्या ईएससीवर दोन छोटे जम्पर होते, एक पुढे-मागे जाण्यासाठी आणि दुसरा बॅटरीच्या प्रकारासाठी. मी जोडताना दुसरा जम्पर निकेलच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या बॅटरीच्या, बाजूला लावून ठेवला. रविवारी शेवटच्या फेरीत गाडी मंदावली, मला वाटलं मोटर तापली, ‘अजून दोन चकरा’ म्हणून चालवत राहिलो. सोमवारी बघतो तर पॅक पुरीसारखा टम्म, कडक केसचा जोड उसवलेला. चार वेळा वापरलेली बॅटरी. तेव्हापासून बॅलन्सच्या पांढऱ्या प्लगला लावायचा शंभर-दीडशे रुपयांचा अलार्म प्रत्येक पॅकवर लावतो. सेल खाली गेला की कर्कश ओरडतो, अगदी लाज वाटेल इतका. टामियाच्या किटबरोबर येणारा ईएससी वापरणार असाल तर हा अलार्म लावल्याशिवाय लायपो जोडूच नका.

चार्जर बॅलन्सवाला, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा, घ्या आणि त्यात लायपोचा प्रोग्राम निवडलाय ना हे दर वेळी वाचा. निकेलच्या प्रोग्रामवर लायपो लावणं म्हणजे आग लावणं. करंटचं गणित सोपं: ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअर, १५०० च्या पॅकला दीड. मी पॅक बाल्कनीत, फरशीवर, मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवून चार्ज करतो आणि तिथून हलत नाही. चार्जिंग लावून दूध आणायला जाणारे लोक मी पाहिलेत, त्यातल्या एकाच्या टेबलाचा पृष्ठभाग आजही काळा आहे. आठवडाभर चालवणार नसाल तर पॅक पूर्ण भरून ठेवू नका. सेलला ३.८ व्होल्ट, चार्जरवर ‘स्टोरेज’ असतं तेच. फुगलेला पॅक कितीही चालत असला तरी बाद, आणि तो ई-कचऱ्यात द्यायचा, घंटागाडीत नाही. मे महिन्यात बॅटऱ्या स्कूटरच्या डिकीत ठेवून दुपारी जेवायला बसू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण दर वर्षी कुणीतरी ठेवतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी जागा आणि माणसं, मग त्यांच्या वर्गातली हळू गाडी, निम्मे पैसे गाडीबाहेर, आणि लायपोशी हलगर्जीपणा नाही. बॉडीचं रंगकाम, स्टिकर हे सगळं हौसेचं. पारदर्शक बॉडी आतून रंगवायची, लेक्सनसाठीचाच (बॉडीच्या त्या प्लास्टिकसाठीचाच) स्प्रे घ्यायचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं. कोपऱ्यांना आतून पीओपीवाले वापरतात ती जाळीची पट्टी आणि रबरासारखा वाळणारा गोंद लावला की बॉडी दुप्पट टिकते.

गाडी हातात आल्यावर पहिल्याच रविवारी रेसमध्ये उतरू नका. रेडिओवर थ्रॉटलची मर्यादा ५० टक्क्यांवर आणा. दोन चपला आठ-दहा मीटरवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा. गाडी तुमच्यापासून लांब जाते तेव्हा डावं म्हणजे डावं असतं. ती तुमच्याकडे तोंड करून येते तेव्हा सगळं उलटं होतं आणि मेंदू गोंधळतो. आठच्या आकड्यात हा गोंधळ दर तीन सेकंदांनी होतो, म्हणून तो लवकर जातो. न अडखळता, चपलेला न लावता ५ मिनिटं जमली की थ्रॉटल १० टक्क्यांनी वाढवा. मला यात सात रविवार लागले. माझ्या भाच्याला दोन.

एवढी घासाघीस कशासाठी, ते आकड्यांत दाखवतो. ५ मिनिटांची हीट, म्हणजे रेसची एक फेरी, आहे, वेळ संपली की चालू असलेली चक्कर पूर्ण करायची. तुम्ही १४.५ सेकंदांची चक्कर मारता आणि कुठेही आपटत नाही. तुमच्या २१ चकरा होतात, ५ मिनिटं ४.५ सेकंदांत. शेजारचा चकरेमागे एक सेकंद वेगवान आहे, १३.५, पण चार वेळा उलटतो आणि दर वेळी ८ सेकंद जातात. त्याची विसावी चक्कर ५ मिनिटं २ सेकंदांवर संपते, म्हणजे त्याच्या २० च. तो पूर्ण एक चक्कर मागे. आणि घरी जाताना तो मोटर बदलायचा विचार करत असतो.

हो, ते उलटण्यावरून आठवलं. उलटलेली गाडी सरळ कोण करतं? मागच्या हीटमधले चालक. रेस संपली की रेडिओ खाली ठेवून तुम्ही वळणावर मार्शल म्हणून उभं राहायचं, ही जगभरची पद्धत आहे आणि आमच्याकडेही. आधी येणाऱ्या गाड्या बघायच्या, मग धावायचं. गाडी बॉडीला किंवा बंपरला धरून उचलायची, चाकांत आणि गियरपाशी बोटं घालायची नाहीत, कारण चालक घाबरून थ्रॉटल दाबूनच असतो. गाडी रिकाम्या जागेत, योग्य दिशेला ठेवायची, दुरुस्त करत बसायचं नाही. जो नवखा नीट मार्शलिंग करतो त्याला लोक सुटे भाग उसने देतात, सेटिंग सांगतात, स्वतःची गाडी दोन चकरा चालवायला देतात. दुसऱ्याच्या रेसच्या वेळी भेळ खात सावलीत बसणाऱ्याला पिनियनचा ग्रब स्क्रूसुद्धा मिळत नाही. २५ हजारांच्या बजेटमध्ये ही ओळख मोजलेली नाही, पण पहिल्या वर्षी माझे सगळ्यात जास्त पैसे तिनेच वाचवले.

तेव्हा सध्या काहीच विकत घेऊ नका. ज्या मित्राची गाडी चालवलीत त्यालाच विचारा, पुण्यात कुणाबरोबर चालवतो. पावसाळ्यात उघड्यावरचं बहुतेक बंद असतं, दिवाळीनंतर रविवारी सकाळी साडेसहाला सुरू होतं, ऊन चढलं की नऊ-साडेनऊला आवरतं. रिकाम्या हाताने जा, पायात धावता येईल असे बूट घाला, टोपी न्या, आणि आयोजकाला सांगा की आज फक्त मार्शलिंग करायला आलोय. कुठल्या गाडीचे कुठले भाग जमिनीवर सापडतात ते मोजून ठेवा. ती यादी मला इथे लिहून कळवा, मग गाडीचं ठरवू.